मदत हवी आहे: दौलताबाद-खुलताबाद सायकल गटराइडसाठी सूचना कशा लिहाव्यात?

सिडकोकर_ताई
पहाटे साडेपाचला १४ सायकलवाल्यांचा गट छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोहून नगर नाका, शरणापूर फाटा, दौलताबाद घाट करत खुलताबादला जातो. नव्या मंडळींना आधीच देता येतील अशा सूचना लिहायच्या आहेत. एसटीची वाट अडू नये, पायी चालणाऱ्यांना त्रास होऊ नये. जोडीने चालवावी की एकामागे एक? दौलताबादच्या वाटेवर लागणाऱ्या दिल्ली दरवाजाच्या कमानीत काय करायचं? लाइट कसा लावायचा? श्रावणात शनिवारीही राइड ठेवायची आहे.

काळी_माती
ताई, एकामागे एकच. पण १४ जणांची सलग रांगही नको, ती जवळपास ५० मीटर लांब होते. एसटी ओलांडायला निघते, अर्ध्यात समोरून गाडी दिसते, ड्रायव्हर डावीकडे घेतो आणि मधला सायकलवाला चेपला जातो. ५, ५, ४ असे तुकडे करा. दोन तुकड्यांत १०० मीटर अंतर ठेवा, म्हणजे बसला मध्ये शिरायला जागा मिळते.

डांबराच्या कडेपासून दोन फूट आत चालवा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे साइडपट्टी खचून कडेला पायरी तयार होते. खाली उतरलेलं चाक तिरकं वर घ्यायला गेलं की माणूस थेट मागच्या गाडीपुढे पडतो. थांबा, सायकल उचलून वर घ्या.

घाटवाट
दिल्ली दरवाजातून मोठी गाडी जेमतेम जाते. बस शिरत असेल तर कमानीच्या अलीकडे डाव्या कडेला थांबा. बस आणि दगडी भिंत यांच्या फटीत घुसायचं नाही, मग ड्रायव्हरने हाताने बोलावलं तरीही. घाटातल्या वळणावर बसची मागची चाकं आतली बाजू कापत जातात, म्हणून तिच्या आतल्या अंगाला राहू नका. उतारावर वेग वळणाआधीच कमी करा, दोन्ही ब्रेक मिळून. वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक घसरतं. मधली रेषा ओलांडायची नाही.

दिवाबत्ती
अंधारात पुढचा पांढरा दिवा स्थिर ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्याने समोरच्याला अंतराचा अंदाज येत नाही. झोत आठ-दहा पावलांवर रस्त्यावर पडायला हवा. एकाला २० पावलं पुढे उभं करून बघा, डोळे दिपले तर खाली झुकवा. मागचा लाल दिवा जर्किन किंवा पिशवीखाली झाकला जातो, तेवढं निघण्याआधी तपासा.

दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे रिफ्लेक्टर नसतो, ऊसही बाहेर आलेला असतो. १० मीटर मागे राहा, डावीकडून कधीच काढू नका.

पायवाट
श्रावणातल्या शनिवारचा बेत माझ्या मते सोडाच. शुक्रवारी रात्रीपासून भाविक खुलताबादच्या भद्रा मारुती मंदिराला पायी निघतात, अनवाणीही असतात. तिथे घंटी वाजवत वाट काढणं बरं दिसत नाही, सुरक्षितही नाही. त्या दिवशी हर्सूल, सावंगी, चौका असं जा. फक्त सावंगीला समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजवर चढू नका, तिथे सायकलला बंदी आहे.

सिडकोकर_ताई
मनापासून आभार. पंक्चर झालं तर?

काळी_माती
बाभळीचा काटा लागणारच. शेवटच्या माणसाकडे पंप आणि दोन ट्यूब ठेवा. सायकल डांबरावर उलटी ठेवायची नाही, साइडपट्टीच्याही पलीकडे न्यायची. थांबतील फक्त त्या तुकडीतले, बाकीचे पुढच्या फाट्यावर रस्ता सोडून.