पाडलेलं सिनेगॉग: जागा रिकामी ठेवावी की पुन्हा बांधावं?

चुनाविटा:
ऑश्विट्झ म्हटलं की छावणी आठवते. पण ती ज्या पोलिश गावाच्या कडेला उभारली, त्या ओश्विएन्चिममध्ये १९३९ साली निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती, हे कुणाच्या ध्यानात नसतं. नाझींनी तिथलं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, नोव्हेंबर १९३९ मध्ये जाळलं आणि मागाहून पाडलं. १९४१ मध्ये ज्यूंना गावातून हाकललं. २००४ साली तिथे उत्खनन झालं. तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या तिथे पुरल्याचं एका वाचलेल्या गृहस्थांनी सांगितलं होतं. त्या मिळाल्या नाहीत, पण मेनोरा (ज्यूंचा अनेक फांद्यांचा दिवा), नंदादीप, झुंबरांचे भाग, फरश्या अशा ४०० हून जास्त वस्तू निघाल्या. २०१९ पासून त्या जागी स्मृती उद्यान आहे, इमारत नाही. आणि तेच योग्य. गावातले शेवटचे ज्यू गृहस्थ २००० साली वारले. पारंपरिक पद्धतीत सामूहिक प्रार्थनेला मिन्यान, म्हणजे १० प्रौढ पुरुष लागतात. नव्या इमारतीत बसणार कोण?

गाळवाट:
उद्यान म्हटलं की सगळं साधतं असं नाही. जर्मनीतलं फ्रायबुर्ग बघा. १९३८ मध्ये जाळलेल्या सिनेगॉगच्या आकाराचं उथळ पाणी २०१७ मध्ये चौकात केलं. पहिल्याच उन्हाळ्यात पोरं त्यात डुंबायला लागली, मोठी माणसं पाय सोडून बसली. चुकलं कुठे? घोट्याएवढं पाणी, चढायला कठडा नाही आणि भोवती गजबजलेला चौक. मग पाट्या लावून काय होणार! त्याआधीची चूक तर जास्त गंभीर. २०१६ मध्ये काम चालू असताना पायाचे दगड लागले. ज्यू समाज म्हणत होता, जागेवर राहू द्या. आराखडा आधीच ठरलेला, म्हणून दगड उचलले. आधी चाचणीचे चर खणायचे, पाया कुठे आणि किती खोल आहे ते नकाशावर घ्यायचं आणि मगच आराखडा मागवायचा, हा क्रम उलटला की असंच होतं.

चुनाविटा:
क्रमाबद्दल मान्य. ओश्विएन्चिममध्ये उत्खनन आधी झालं, उद्यान १५ वर्षांनी. वस्तूही उघड्यावर ठेवल्या नाहीत. गावात वाचलेलं एकमेव सिनेगॉग १९९८ मध्ये ज्यू समाजाला परत मिळालं, २००० पासून तिथे संग्रहालय आहे. प्रार्थनाही तिथेच होऊ शकते.

उंबरठा:
दोघेही गृहीत धरताय की समाज संपला. हॅम्बुर्गमध्ये तो आहे. बोर्नप्लाट्झचं सिनेगॉग १९०६ चं, घुमट सुमारे ४० मीटर उंच. १९३८ मध्ये नासधूस झाली, १९३९ मध्ये जागा मातीमोल भावाने विकायला लावली आणि पाडण्याचा खर्चही समाजाच्याच माथी मारला. शेजारच्या तालमूद तोरा शाळेच्या इमारतीत २००७ पासून पुन्हा ज्यू शाळा भरते. अशा ठिकाणी मोकळा चौक राखणं म्हणजे नाझींनी केलेली सफाई जपणं. २०२० मध्ये जर्मन संसदेने पुनर्बांधणीला ६.५ कोटी युरो मंजूर केले, ते योग्यच.

गाळवाट:
बांधा, पण हुबेहूब नको. शंभर वर्षांपूर्वीचा घुमट परत चढवला की ३० वर्षांनी येणाऱ्याला वाटेल, इथे काही झालंच नाही. शिवाय १९८८ मध्ये मार्ग्रिट काल या कलावतीने त्या जमिनीवर छताच्या कमानींची रेषाकृती मूळ मापात, गडद दगडांत बसवली. इमारत उभी राहिली की ते काम जाणार.

ओसरी:
आपल्याकडे अलिबाग, रेवदंड्याची सिनेगॉगं आहेत. तिथेही मिन्यान जमणं अवघड. त्यांचंही उद्याच स्मारक करायचं का?

उंबरठा:
ती कुणी जाळली नाहीत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, बहुतेक १९४८ नंतर आपणहून इस्रायलला गेले, काही इथेच राहिले. तिथला प्रश्न गळक्या कौलांचा आणि किल्ली कुणाकडे याचा. इथे घालू नका.
आता मार्ग्रिट काल यांच्या रेषाकृतीचं. दगडांना क्रमांक घालून, मोजणी करून ती दुसरीकडे बसवता येईल असं कुणी म्हणेल. ते चालणार नाही. त्या रेषा बरोबर त्या छताखाली होत्या म्हणून त्यांना अर्थ. नव्या इमारतीच्या तळमजल्याच्या फरशीत, त्याच दिशेने आणि त्याच मापात घ्या. त्यासाठी खांब रेषांच्या बाहेर सरकवावे लागतील, खांबांमधलं अंतर वाढेल, खर्च वाढेल. वाढू दे.

गाळवाट:
ही अट स्थापत्य स्पर्धेच्या नियमांतच लिहिली असेल, तरच हुबेहूब नसलेल्या इमारतीला माझा विरोध नाही. नंतर घालू म्हटलं की फ्रायबुर्ग होतं.