हौदा, फाळका आणि दीड केबिन

विचारणा (रत्नागिरी)
अमेरिकेतल्या जुन्या पिकअप गाड्यांवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडकलोय. तिकडे जुन्या पिकअपची ओळख सांगताना दोन गोष्टी आधी येतात: पुढची केबिन कुठल्या प्रकारची, आणि मागचा माल ठेवायचा भाग किती लांब नि कशा घडणीचा. त्या मागच्या भागाला ते 'बेड' म्हणतात. मराठीत 'लांब बेडची गाडी' लिहिलं तर लोकांना ॲम्ब्युलन्स वाटेल. 'पेटी' लिहावं तर आमच्याकडे पेटी म्हणजे हापूसची, दुसरी नाहीच. केबिनचेही रेग्युलर, एक्स्टेंडेड, क्रू असे तीन प्रकार आहेत. काय लिहू?

चिपळूण (गाड्यांच्या बॉड्या बांधतो)
'हौदा' लिहा, बिनधास्त. आमच्या शेडमध्ये दुसरा शब्द चालत नाही. आणि उघडणारी बाजू ती फाळका.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा भाऊ. आपल्याकडच्या पिकअपला बहुतेक वेळा तीन फाळके असतात, दोन बाजूंना आणि एक मागे. चिरे उतरवायचे असले की बाजूचा फाळका पाडतात नि गडी उभ्याउभ्या ओढून घेतात. तिकडच्या हौद्याच्या दोन्ही बाजू पक्क्या, फाळका तो मागचाच. दुसरं, आपण हौद्याचा तळ चाकांच्या वर उचलतो, त्यामुळे आत सपाट मिळतं. त्यांचा तळ खाली, चाकांच्या मधे बसलेला. मग चाकांवरची मडगार्डं एकतर हौद्याच्या आत घुसतात, नाहीतर बाहेर काढावी लागतात. त्यांची हौद्याची अर्धी नावं या एका अडचणीतून आलीत.

विचारणा (रत्नागिरी)
नेमकं तेच विचारणार होतो. शेवरोलेचं 'स्टेपसाइड' आणि 'फ्लीटसाइड', फोर्डचं 'फ्लेअरसाइड' आणि 'स्टाइलसाइड', डॉजचं 'युटिलाइन' आणि 'स्वेप्टलाइन'. सहा नावं, सहा शब्द शोधायचे?

चिपळूण
सहा कशाला? दोनच जाती आहेत. मडगार्डं बाहेर असली की हौदा आतून अरुंद पण सरळ भिंतींचा, आणि केबिन नि मागचं मडगार्ड यांच्या मधल्या जागेत पाय ठेवायला पायरी. ती झाली पहिली जात. दुसरीत बाहेरची बाजू केबिनच्या रेषेत गुळगुळीत जाते आणि मडगार्डाचे उंचवटे आत येतात. पहिलीला 'पायरीचा हौदा' म्हणा, दुसरीला 'सरळ बाजूंचा हौदा'. कंपन्यांची नावं नावं म्हणूनच ठेवा, त्यांचं भाषांतर करू नका. फोर्डने सरळ बाजूंचा हौदा १९५७ ला आणला, शेवरोलेने फ्लीटसाइड १९५८ ला, डॉजचा स्वेप्टलाइन १९५९ चा. पायरीचा त्याआधीचा, आणि नंतरही बरीच वर्षं सोबत विकला गेला.

अलिबाग (भाषेची विद्यार्थिनी)
दादा, 'हौदा' कुठून आला यावर दोन शब्द टाकते, कारण अनेकांना तो पाण्याच्या हौदाचा भाऊ वाटतो. तसा नाही. पाण्याचा हौद अरबी 'हौझ'वरून आला. हत्तीच्या पाठीवरचा हौदा वेगळा, तो अरबी 'हौदज'वरून फारसीमार्गे आला. उंटावर किंवा हत्तीवर बसायची चौकट. गाडीचा हौदा या दुसऱ्या घरातला दिसतो: वाहणाऱ्याच्या पाठीवर बसवलेली, वरून उघडी चौकट. हत्तीच्या बाबतीत वर छत असेल तर अंबारी, नसेल तर हौदा, हा भेद मराठीत जुना आहे. ताडपत्रीच्या कमानी घातलेल्या गाडीला मात्र कुणी अंबारी म्हणत नाही, म्हटलं असतं तर मला आवडलं असतं. आणि टाटा एस २००५ मध्ये आली, तिला लोकांनी 'छोटा हत्ती' करून टाकलं. म्हणजे हौदा पुन्हा हत्तीवरच चढला!

देवगड (आंब्याची गाडी चालवायचो)
आमच्या देवगडाक तो हौदो आणि तो फाळको. 'फाळको पाड रे' म्हटला काय पोरगो धावत येता. घाटावरच्या ड्रायव्हराक पण समाजता. आणि बाय, आंब्याच्या गाडयेक अंबारी नको. वरसून घट्ट ताडपत्री बांधलास तर वाशीक पोचासर आंबो उबता. आंब्याक वारो लागाक होयो.

अलिबाग
हौदो, फाळको! काका, मालवणीत घोडा घोडो होतो तसाच. पण 'हौद्यात' म्हणताना आपण सगळे पुन्हा एक.

आमच्या रायगडात या गाड्यांची नावं हा वेगळाच गोंधळ आहे. इथे मिनिडोर म्हटलं की माणसं बसवणारी तीनचाकी. आणि 'टेंपो' तर मुळात ब्रँडचं नाव, हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं. आपल्याकडे बजाज टेंपो १९५८ ला सुरू झाली, २००५ ला कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी माल नेणारं काहीही दिसलं की टेंपोच.

विचारणा (रत्नागिरी)
हौदा मान्य. आता केबिन. 'एकल कक्ष', 'विस्तारित कक्ष' असं कुणी सुचवलं तर मी लिहिणं सोडून देईन.

चिपळूण
सिंगल केबिन आणि डबल केबिन हे गिऱ्हाईक स्वतःच बोलतं. दोन दारं, एक ओळ ती सिंगल. चार दारं, दोन ओळी ती डबल, म्हणजे त्यांची क्रू. कामगारांची टोळी सोबत न्यायची म्हणून क्रू. इंटरनॅशनल हार्वेस्टरची ट्रॅव्हलेट १९५७ ची, कारखान्यातूनच मोठ्या केबिनसह निघालेली, पण तिला सुरुवातीला दारं तीनच होती. तेव्हा दारं मोजून नाव देऊ नका, ओळी मोजा.

अडचण मधल्या प्रकाराची. डॉजने १९७३ ला क्लब कॅब काढली, फोर्डने १९७४ ला सुपरकॅब. दारं दोनच, पण सीटच्या मागे थोडी जागा, तिथे घडीच्या छोट्या सीटा. मोठ्या माणसाने तिथे घाट उतरून दाखवावा, मग बोलू. आम्ही असल्याला दीड केबिन म्हणतो.

अलिबाग
दीड केबिन! एकदम पटलं. दीडशहाण्याच्या 'दीड'सारखं, पूर्ण दोन नाही हे नावातच आलं.

देवगड
आमी डबल केबिनीक 'कॅम्पर' म्हणतव. सरकारी खात्याची गाडी इली काय 'कॅम्पर इली'.

विचारणा (रत्नागिरी)
काका, तो बोलेरो कॅम्परचा प्रताप. पण माझ्या लेखात 'कॅम्पर' आला तर घोटाळा होईल. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर झोपायची खोली बसवतात, तिला कॅम्पर म्हणतात. तिथे डबल केबिनच लिहितो.

लांबीचं काय? शॉर्ट बेड, लाँग बेड. 'आखूड हौदा, लांब हौदा' एवढ्यावर भागेल?

चिपळूण
आकडा लिहा. तिकडच्या मोठ्या पिकअपांत आखूड म्हणजे साधारण साडेसहा फूट, लांब म्हणजे आठ. आठच का, तर प्लायवूडचा पत्रा चार बाय आठचा, तो आडवा पडला पाहिजे आणि मागचा फाळकाही लागला पाहिजे. त्यासाठी आतल्या उंचवट्यांमधे चार फुटांहून थोडी जास्त जागा सोडलेली असते. आमच्याकडे तळच वर असल्याने हा हिशेब करावा लागत नाही, पण माल टाकणाऱ्याला तो तेवढा जास्त उंच उचलावा लागतो.

आणि केबिन नि हौदा यांच्या मधली फट लिहायला विसरू नका. दोन्ही चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, कारण माल भरला की चासी पिळवटते. फोर्डने १९६१ ते १९६३ मध्ये काही गाड्यांत केबिन आणि हौदा एकाच पत्र्यात जोडून पाहिले. भार पडला की दारं अडकायची अशी बोंब झाली आणि मग पुन्हा दोन वेगळे. खाऱ्या हवेत आमच्या इथे त्या फटीतच पहिला गंज धरतो, मासळीच्या गाडीला तर लवकरच.

देवगड
फटीक आमी फटच म्हणतव. नवो शब्द काढू नको.