खाली जाणारा भूपट्ट नसताना एरेबस मिश्र ज्वालामुखी कसा?

दक्षिणायन:
अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावरचा एरेबस (3,794 मी.) मिश्र ज्वालामुखी, म्हणजे लाव्हा आणि राखेच्या थरांचा शंकू, मानला जातो. पण असे ज्वालामुखी बहुधा जिथे होतात तसा तिथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) दुसऱ्याखाली जात नाही. शिवाय विवरात निदान 1972 पासून लाव्हाचं उघडं सरोवर आहे. मिश्र ज्वालामुखीची नळी बुजते, दाब साठतो आणि मग स्फोट होतो ना? आणि थर हीच खूण असेल, तर सह्याद्रीही मिश्र ज्वालामुखी का नाही?

कातळकडा:
‘मिश्र’ हे बांधणीचं वर्णन आहे. एकाच नळीतून कधी लाव्हा, कधी राख आणि दगड येतात आणि मुखाजवळच साचतात. सैल थरांवर लाव्हाचं कवच बसतं, म्हणून 30 अंशांपर्यंतचा उतार टिकतो. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लांबलचक भेगांतून आला. पातळ आणि अफाट असल्यामुळे तो दूरवर पसरला. शंकू उभा राहिलाच नाही.

शिलारस कसा तयार होतो, हा वेगळा मुद्दा. अंदमानातल्या बॅरन बेटाखाली भारतीय भूपट्ट खाली जातो, त्यातलं पाणी कवचाखालच्या प्रावरणात शिरतं आणि खडक कमी तापमानाला वितळतो. एरेबसखाली कवच ताणलं जातंय. ते पातळ झालं की खालचं प्रावरण वर सरकतं, दाब घटतो आणि तापमान न वाढताही ते वितळायला लागतं. आधी बेसॅनाइट हा बेसाल्टसारखा शिलारस बनतो. वर येताना त्यातून स्फटिक वेगळे होत जातात आणि सोडियम-पोटॅशियम जास्त असलेला फोनोलाइट उरतो. एरेबसचा पायथा जुना आणि पसरट आहे, वरचा उभा शंकू त्यावर नंतर चढला.

विवरवेध:
सरोवर का गोठत नाही, याची किल्ली वायूंमध्ये आहे. भूपट्ट खाली जातो तिथल्या शिलारसात पाणी भरपूर असतं. वर येताना दाब घटला की ते वाफ होऊन सुटतं, शिलारसात भराभर स्फटिक धरतात, तो घट्ट होतो आणि नळी तुंबते. पुढे अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सच्या 1980 मधल्या स्फोटासारखा उद्रेक होऊ शकतो. एरेबसच्या शिलारसात पाणी कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. कार्बन डायऑक्साइड खोलवरच सुटायला लागतो, पण त्यामुळे शिलारस गोठत नाही. म्हणून साधारण 1,000 अंश सेल्सिअसचा लाव्हा पृष्ठभागापर्यंत येतो, वायू सोडून थोडा थंड आणि जड झाला की पुन्हा खाली जातो. सरोवरातून येणाऱ्या वायूंचं प्रमाणही दर दहाएक मिनिटांनी बदलतं, इतकी ही ये-जा नियमित आहे.

स्फोट तरीही होतात. खोलवर साठलेला वायूचा मोठा बुडबुडा नळीतून एकदम वर येतो आणि सरोवर फोडतो.

दक्षिणायन:
मग विवराच्या काठावर काम कसं करतात?

विवरवेध:
तोंड विवराकडेच ठेवायचं. स्फोट झाला तर पाठ फिरवून पळायचं नाही. वर बघायचं, आपल्या दिशेने येणारा लाव्हाचा गोळा हेरायचा आणि शेवटी बाजूला सरकायचं. सप्टेंबर 1984 पासून काही महिने स्फोट इतके जोरदार होते की गोळे विवराबाहेर पडत होते. अशा काळात काठावर जायचंच नाही, भूकंपमापकांवरच भिस्त ठेवायची. त्यांना वीज देणाऱ्या सौर पट्ट्या तिथे उन्हाळ्यातच कामाच्या. सुमारे चार महिन्यांच्या रात्रीसाठी बॅटरीचा साठा आधीच लावावा लागतो, आणि थंडीत बॅटरीची क्षमता घटते हे धरूनच तो मोजायचा.