बॅकअपच्या प्रोजेक्टला ‘कोश्चेई’ नाव ठेवावं का?

सुदामानगरवाला:
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचेच तिघं मित्र, ऑफिस सुटल्यावर रात्री बसून एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवतोय, घरातले फोटो नि जुने कागद जपून ठेवणारं, म्हणजे एक कॉपी आपल्याकडे, एक देवासला काकांकडे, एक पुण्याला बहिणीकडे, आणि सगळं एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे किल्लीशिवाय कोणाला वाचता येणार नाही असं. आजोबांची मोडीतली पत्रं स्कॅन करून एकाच हार्ड डिस्कवर ठेवली होती, मूळ कागद आधीच वाळवीने खाल्लेले, आणि मागच्या पावसाळ्यात ती डिस्कच गेली. तेव्हापासून हे डोक्यात आहे. लहानपणी घरी रशियन परीकथांचं पुस्तक होतं, त्यातला अमर कोश्चेई मला अजून आठवतो, न मरणारा म्हातारा. बॅकअपला हे नाव चांगलं वाटतंय, पण एक मित्र म्हणतो परक्यांची गोष्ट नीट माहीत नसताना उचलू नये. तुम्हाला काय वाटतं?

तात्यांची_नात:
दादा, तुमच्या मित्राचं बरोबर आहे, गोष्ट शेवटपर्यंत आठवा. कोश्चेई मरतो! त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, आणि पेटी बुयान बेटावर ओकच्या झाडाखाली पुरलेली. एवढा बंदोबस्त करूनही गोष्टीचा नायक इव्हान तिथवर पोचतो, सुईचं टोक मोडतो आणि कोश्चेई संपतो. आपल्याकडे राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तीच गत. म्हणजे कितीही पेट्या एकात एक घाला, जीव एकाच जागी असेल तर तो अमर नाही. आता सांगा, तुमच्या एन्क्रिप्शनची की, म्हणजे ती किल्ली, कुठे आहे? तिन्ही कॉप्या शाबूत राहिल्या आणि की हरवली तर सगळं पुन्हा गेलंच समजा.

पलासियाकर:
की वाटून ठेवता येते. संगणकशास्त्रज्ञ आदी शमीर यांनी १९७९ साली पद्धत दाखवली, की चे तीन तुकडे करायचे, कुठलेही दोन जुळले की कुलूप उघडतं, एकट्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. तुमची तीन घरं आहेतच.
नावाचं म्हणाल तर आधी दुसऱ्या कोणाचं नाही ना ते बघा. फायरफॉक्स ब्राउझरचं सुरुवातीचं नाव फिनिक्स होतं, ट्रेडमार्कच्या भानगडीत ते सोडून २००३ मध्ये फायरबर्ड केलं, तर त्या नावाचा डेटाबेस आधीपासून होता, ते लोक चिडले, मग २००४ मध्ये फायरफॉक्स झालं. दोनदा नाव बदलणं म्हणजे वेबसाइट, लोगो, लोकांची सवय, सगळंच पुन्हा पहिल्यापासून.

नेहा_एमजीरोड:
मी मेडिकलला सहा वर्षं रशियात होते. तुम्हाला दोमोवोय पाहिजे, कोश्चेई नाही. दोम म्हणजे घर, दोमोवोय म्हणजे घराचा राखणदार, शेगडीमागे राहणारा केसाळ छोटा म्हातारा. घरच्यांवर लक्ष ठेवतो, त्याच्यासाठी दूध-पाव ठेवायचा, आणि दुर्लक्ष केलं की रात्री आदळआपट करतो. मुख्य म्हणजे घर बदललं की त्याला तसाच मागे सोडायचा नाही, बोलावून न्यायचं. आमच्या घरमालकीण आजी दुसऱ्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या तेव्हा मी सामान उचलायला गेले होते. सगळं खाली उतरल्यावर त्या रिकाम्या खोलीत एक जुनी चप्पल घेऊन उभ्या राहिल्या, हळूच म्हणाल्या, चल आजोबा, आमच्याबरोबर. मग ती चप्पल पिशवीत घालून स्वतःच्या हातात धरून नेली, टेम्पोत ठेवू दिली नाही. तुमचे फोटो नि कागद एका घरातून दुसऱ्या घरी जाणार, तर त्याला हेच नाव शोभेल. बाबा यागा, म्हणजे रशियन गोष्टींतली चेटकीण, मात्र नको, युक्रेनच्या मोठ्या बॉम्ब टाकणाऱ्या ड्रोनना तेच नाव पडलंय.

सुदामानगरवाला:
ताई, चप्पलेचं वाचून आजोबांची कोल्हापुरी आठवली, अजून माळ्यावर आहे.
आत्ताच बघितलं, की खरंच माझ्या एकट्याच्या लॅपटॉपवर आहे. आज रात्री तिचे तीन तुकडे करतो, त्या मॉड्यूलचं नाव ‘सुई’, आणि प्रोजेक्ट दोमोवोय. मित्रांना फोन केला, दोघंही लगेच हो म्हणाले. उच्चार दोमोवोयच ना?

नेहा_एमजीरोड:
लिहिताना दोमोवोय. बोलताना ते ‘दमवोय’च्या जवळ जातं, जोर शेवटच्या ‘वोय’वर. पण मराठीत ‘दमवोय’ लिहू नका, लोक ‘दमवतोय’ वाचतील.