जलोपचारातल्या 'क्रायसिस'ला मराठीत काय म्हणावं? (चर्चा; बोलणाऱ्यांची टोपणनावं वर दिली आहेत)

तळटीप
डॉ. जेम्स मॅन्बी गली यांच्या १८४६ सालच्या 'द वॉटर क्युअर इन क्रॉनिक डिसीज' या पुस्तकातले काही उतारे मराठीत आणते आहे. गली आणि त्यांचे मित्र जेम्स विल्सन यांनी १८४२मध्ये इंग्लंडातल्या मॉल्व्हर्नला गार पाण्याचे उपचार सुरू केले. मूळ पद्धत तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या ग्रेफनबर्गच्या प्रीसनित्झ या शेतकऱ्याच्या मुलाची. ओली चादर, उंचावरून पडणारी धार, पोटावरचा ओला पट्टा इथपर्यंत ठीक चाललं होतं. अडले ती 'क्रायसिस'पाशी. या पंथात असं मानत की उपचार सुरू झाल्यावर अंगावर पुरळ उठलं, गळवं आली, जुलाब झाले, तर ते चांगलं लक्षण. रोग बाहेर पडतोय. मी 'संकट' लिहिलं होतं. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "रोगी दगावला का गं?" दुसरा शब्द सुचवा.

निवाडा
मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच निर्णय, निवाडा. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत दुखणं इकडे की तिकडे हे ज्या वेळी ठरतं, ती वेळ. म्हणून 'निर्णायक अवस्था'. शुद्ध आहे आणि अर्थही चुकत नाही.

ओसरी
शुद्ध आहे, पण अंथरुणावरच्या माणसाच्या तोंडी येईल का? आमच्याकडे 'उतार पडला' म्हणतात. "काल रात्री घाम फुटला आणि तापाला उतार पडला."

तळटीप
ओसरीताई, उतार पडला की बरं वाटतं. इथे आधी त्रास वाढतो आणि त्या वाढण्याचाच आनंद असतो. तीच तर गोम आहे.

काढा
मग आयुर्वेदात तयार शब्द आहे: ज्वरमोक्ष. ताप सोडून जाताना रोगी कण्हतो, ओकतो, तळमळतो, असं चरकसंहितेत वर्णन आहे. दुसरा शब्द उत्क्लेश, म्हणजे दोष चाळवून वर येणं. आणि 'पाक' विसरू नका. गळू पिकतं ते त्याच धातूवरून. आंबा पिकतो, गळू पिकतं, दोषही पिकतो.

निवाडा
काढाभाऊ, गलींचे रोगी जुनाट अपचनाचे. ताप कुठे आहे तिथे? शिवाय 'उत्क्लेश' लिहिलं की वाचक समजणार गलींनी चरक वाचला होता.

काढा
आणि 'निर्णायक अवस्था' वाचून निवडणुकीची बातमी वाटेल, त्याचं काय?

वऱ्हाडकर
लहानपणी मला गोवर आला तेव्हा आजी कडुलिंबाची डहाळी अंगावरून फिरवायची. आई घाबरली की म्हणायची, "बाहेर पडू दे. आत जिरला तर वाईट." पुरळ दाट उठलं त्या दिवशी तिचा चेहरा निवळला. तुम्हाला हवा तो अर्थ या 'बाहेर पडणे'मध्ये आहे. मराठीला इथे नाम नकोच, क्रियापद पुरतं.

तळटीप
दादा, हे अगदी जवळचं आहे! पण "तिसऱ्या आठवड्यात क्रायसिस" अशा वाक्यात नामच लागतं.

घडीव
मला 'बाहेर पडणे'च खटकतं, आणि कारण व्याकरणाचं नाही. चार्ल्स डार्विन मार्च १८४९मध्ये मॉल्व्हर्नला गेले. स्पिरिटच्या दिव्याने अंग तापवून घाम काढायचा, मग गार पाण्यात भिजवलेल्या टॉवेलांनी घासायचं, दिवसभर पोटावर ओली घडी. साखर, लोणी, मसाले, चहा बंद. त्यांच्या पायांवर पुरळ उठलं. इतकं घासल्या-भिजवल्यावर कातडी चिडणारच. आपण "रोग बाहेर पडला" लिहिलं तर गलींचं मत आपण खरं म्हणून वाचकाला देतो. डार्विनना तिथे बरं वाटलं, घरी परतल्यावर त्यांनी बागेत धारेची सोय करून घेतली, हे खरं. पण १८५१च्या एप्रिलमध्ये त्यांची दहा वर्षांची मुलगी ॲनी मॉल्व्हर्नलाच, गलींच्या उपचाराखाली असताना गेली. मला हे हलकं घेता येत नाही.

तळटीप
घडीवकाका, तुमचं म्हणणं लागलं. पण पुस्तक गलींचं आहे. त्यांचा विश्वास त्यांच्या शब्दांत यायला नको का? मी तो पुसला तर ते भाषांतर कसलं?

ओसरी
मी एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस होते. तिथे याला 'उभार' म्हणत. ओल्या चादरीच्या उपचाराला 'लपेट'. पिळलेली चादर, वर दोन घोंगड्या, फक्त तोंड उघडं. पहिली दोन मिनिटं दात वाजतात, मग आतून ऊब येते आणि डोळे मिटतात. तिसऱ्या दिवशी पाठीवर पुरळ आलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "उभार आला, छान." मला खाज सुटली होती आणि त्या हसत होत्या.

निवाडा
उभार हिंदी, लपेटही हिंदी. 'वेष्टन' म्हणा.

वऱ्हाडकर
वेष्टन साबणाला असतं! आमच्याकडे थंडीत शाल लपेटूनच घेतात, कोणी हिंदी शिकून नाही.

काढा
पुण्याजवळच्या उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ पासून आहे. गांधीजी जर्मन निसर्गोपचारक कूनेच्या कटिस्नानाचा, म्हणजे कंबरेपर्यंत पाण्यात बसण्याचा, पुरस्कार करत, तेव्हापासून ही बोली हिंदी-गुजरातीतून इकडे आली असावी. पण कटिस्नान तरी नवं कुठे? आपल्याकडे 'अवगाह' होताच.

निवाडा
अवगाह कोमट द्रवात, तोही घाम आणायला. गलींचं पाणी गार. एक कसं?

काढा
बसायची रीत एकच आहे.

ओसरी
पण बाईमाणसाने "आज माझा अवगाह आहे" असं कोणाला सांगायचं? आम्ही तिथे 'टबात बसणे' म्हणायचो.

तळटीप
मंडळी, टबाचं नंतर बोलू. सध्या मसुद्यात 'उभार' घातला आहे, आणि पहिल्या ठिकाणी "ज्याला हे वैद्य उभार म्हणत" असं, म्हणजे घडीवकाकांची शंकाही राहील.

वऱ्हाडकर
उभार नको. आमच्याकडे उभार म्हटलं की भिंतीला आलेला फुगवटा.