काढ्यानं फ्लू जात नाही. आता बोला.

रात्रपाळी
काल निसर्गायन यांनी टाकलेली पोस्ट वाचली आणि डोकं सटकलं. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी: तुळशीची मूठभर पानं, आलं, मिरी, दालचिनी, गुळवेलीची वीतभर कांडी, पाणी निम्मं होईतो उकळायचं, दिवसातून चार वेळा, पंधरा दिवस. आणि शेवटची ओळ, "सर्दी असो वा फ्लू, गोळीला हात लावायची गरज नाही." खाली 'धन्यवाद दादा'ची रांग.

मी मेडिकलच्या काउंटरला उभा असतो. सर्दीला काढा प्यायला माझी काही ना नाही. मीही पितो. घसा शेकतो, घाम येतो, बरं वाटतं. सर्दी आपली आपण जाते, श्रेय काढ्याला मिळतं, कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या वाक्यात फ्लू कुठून घुसला? सर्दीत माणूस शिंकत, कुरकुरत का होईना ऑफिसला जातो. फ्लूमध्ये दुपारी धडधाकट असलेला माणूस रात्री 103 तापानं फणफणतो आणि त्याला मोरीपर्यंत जाववत नाही. म्हातारी माणसं, मधुमेही, दमेकरी, गरोदर बायका यांच्यात तो फुप्फुसात उतरू शकतो. फ्लूवरच्या ओसेल्टामिविर या गोळीचा खरा उपयोग पहिल्या 48 तासांत.

माझी मावशी साखरेची पेशंट. ताप आला, घरात पातेलं चढलं. कुणीही फोन केला की उत्तर एकच, "काढा चालू आहे." धाप लागली तेव्हा नेलं, थेट ऑक्सिजनवर. वाचली. डिस्चार्जच्या दिवशी मावसभाऊ डॉक्टरांना विचारतोय, "आता काढा सुरू केला तर चालेल ना?"

निसर्गायन
मावशी बऱ्या झाल्या, आनंद आहे. पण एका मावशीवरून हजारो वर्षांचं शास्त्र मोडीत काढायला निघालात? बरं, तुम्ही कुठे उभे असता म्हणालात? काउंटरला. मग सांगा, सर्दीच्या गोळ्यांमधलं फेनिलएफ्रिन किती वर्षं विकताय? 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तज्ज्ञ समितीनं एकमतानं सांगितलं की ते तोंडानं घेतलं तर चोंदलेलं नाक मोकळं होत नाही. एकमतानं! आणि तुमच्याकडच्या खोकल्याच्या लाल बाटलीतलं ब्रोमहेक्झिन आलं कुठून? अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून. कारखान्यात बनलं की विज्ञान आणि माझ्या आईनं परसातली पानं वाफवून रस काढला की अडाणीपणा.

एप्रिल 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुकांचा काढा सांगितला होता, तेव्हा कुठे होतात?

रात्रपाळी
काउंटरलाच होतो. तो काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा होता. चार वेळा नव्हता. गुळवेलीची वीतभर कांडी त्यात नव्हती. आणि 'गोळीला हात लावू नका' असं त्यात कुठेही नव्हतं. फेनिलएफ्रिनचं बरोबर आहे, घ्या मान्य. म्हणून तुमचा काढा फ्लूवर चालतो हे कसं सिद्ध होतं तेवढं सांगा.

ब्रोमहेक्झिनचं म्हणाल तर त्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. तुमच्या आईच्या रसात किती आहे ते आईलाही माहीत नाही. ओसेल्टामिविरही बरीच वर्षं चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासूनच बनवत होते. म्हणून बिर्याणी खाऊन फ्लू जातो का?

खडीसाखर
तुमचं चालू द्या. मला एवढंच म्हणायचंय की आमच्या सासूबाई गवती चहा, आलं, चार तुळशीची पानं आणि गूळ घालून जे देतात त्यानं खरंच बरं वाटतं. पण आता गवती चहाच राहिला नाही. खाली बागेत मी स्वतः लावलेला, गावाहून ठोंब आणून. पावसाळा सुरू झाला की सकाळी फिरायला येणारी मंडळी ओरबाडून नेतात. पाती कापून न्या ना, फुटेल पुन्हा. नाही, मुळासकट! एक काका तर पिशवी घेऊनच येतात.

उंबरठा
खडीसाखर, +1000. आमच्याकडे गेटजवळच्या कडुनिंबावर गुळवेल चढली होती. जाडजूड, वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबणारी. लॉकडाऊनमध्ये लोकांनी अक्षरशः सोलून नेली. ज्यांनी उभ्या जन्मात त्या झाडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं ते शिडी लावून चढले. वॉचमनला एका वितेचे वीस रुपये देत होते. जी उरली ती कमिटीनं 'कचरा होतो' म्हणून तोडली.

चेअरमनसाहेब
वरील प्रतिसाद आमच्याच सोसायटीतला आहे हे ओळखू येतंय. वेल कचरा होतो म्हणून नाही, विजेच्या तारेवर गेली म्हणून काढली. मीटिंगच्या मिनिट्समध्ये आहे. जे मीटिंगला येत नाहीत ते इथे येऊन लिहितात.

उंबरठा
तार दुसऱ्या बाजूला आहे साहेब. फोटो टाकू?

बाळंतविडा
गुळवेलीवरून वाद चाललाय पण ती गुळवेलच होती हे ठरवलं कुणी? वॉचमननं? 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांबद्दल लिहिलं होतं, गुळवेल घेऊन कावीळ झालेल्या. 2022 मध्ये 13 केंद्रांतून 43 रुग्णांची नोंद आली. बहुतेकांनी कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी म्हणून घेतली होती. आणि यकृताला झालेली इजा बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखी दिसली, म्हणजे शरीराची तीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटलेली.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे यकृताचे नाही, कापराचे पेशंट येतात. छातीला चोळायचा कापूर पोराच्या पोटात गेला की झटके येतात. थोडासाही पुरतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका हे सांगून माझी जीभ झिजली. मधातल्या जंतूंच्या विषानं बाळ लुळं पडतं तो बोट्युलिझम, गंमत नाही.

निसर्गायन
अर्धीच गोष्ट सांगितलीत डॉक्टर. आयुष मंत्रालयानं तेव्हाच म्हटलं होतं की त्या सहा जणांनी घेतलेली वेल नीट ओळखलीच नव्हती, टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दुसरीच वेल असू शकते. खऱ्या गुळवेलीला दोष कशाला?

रात्रपाळी
म्हणजे मोठमोठी माणसं भांडतात की ती गुळवेल होती की तिची चुलतबहीण, आणि तुम्ही इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना सांगता, वीतभर तोडा आणि उकळा. माझं काम तुम्हीच केलंत. आभार.

निसर्गायन
क्रिस्पाच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात, चामखिळीसारख्या. गुळवेलीवर पातळ साल असते, नखानं खरवडली की खाली हिरवं दिसतं. बघणाऱ्याला कळतं. तुम्हाला पाकिटावरचं वाचून कळतं, आम्हाला झाडावरचं.

जिजीची नात
डॉक्टर बाळंतविडा, आमच्या घरातली सगळी मुलं बाळगुटीवर वाढली. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, काकडशिंगी, अतिविष, हिरडा, बेहडा, सुंठ, खारीक, बदाम. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात, एकेकाचे मोजून वेढे. सर्दीत वेखंडाचा लेप छातीवर. एकालाही काही झालं नाही. तुमची पिढी आली आणि सगळी पोरं नेब्युलायझरवर.

बाळंतविडा
ताई, ज्यांना झालं ते 'आम्ही गुटीवर वाढलो' म्हणून लिहायला येत नाहीत. वेखंडातल्या बीटा-असारोन या घातक घटकामुळे अमेरिकेत 1968 पासून ते अन्नात घालायला बंदी आहे. पण वेढे मोजायची तुमची शिस्त मला आवडते, खरंच. आता जायफळ थेट मिक्सरमध्ये करतात आणि चमच्यानं देतात. मग पोर दिवसभर गुंगीत.

जिजीची नात
मिक्सरमध्ये करणाऱ्यांना मीही शिव्याच घालते. तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

लीड्सचा पावसाळा
इथे इंग्लंडात सर्दी-खोकल्याला जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, काय देतो माहितीये? पॅरासिटामॉल घे, पाणी पी, मध-लिंबू घे, घरी जा. इंग्लंडच्या 2018 च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत साध्या खोकल्यासाठी आधी मध लिहिलाय, अँटिबायोटिक बहुतेकांना नकोच. माझी आई भारतातून फोनवर ओरडते, "कसले डॉक्टर तुमचे, साधं इंजेक्शन देत नाहीत." तीच आई वर सांगते की आपल्या आयुर्वेदाला जगात तोड नाही.

रात्रपाळी
लीड्स, तुमच्या आई रोज माझ्या दुकानात येतात. "काल नाक गळायला लागलंय, अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन द्या." चिठ्ठी? "मागच्या वर्षीची आहे." नाही म्हटलं की समोरच्या दुकानात जातात. मी काढ्याचा शत्रू नाही, लोक हो. या लोकांनी काढा घेतला तर मी पेढे वाटेन.

निसर्गायन
वा! हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

पुरचुंडी
2009 आठवतंय का कुणाला? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात, ऑगस्टमध्ये. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, शाळा बंद, आणि जो तो रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगतोय. माझ्या वडिलांनी माझ्या शर्टाच्या खिशाला टाचणीनं लावून दिली होती. मला फ्लू झाला नाही. शेजारच्या बाकावरच्या मित्राला झाला, त्याच्याकडेही पुरचुंडी होतीच. 2021 मध्ये तीच पुरचुंडी ओवा-लवंग घालून परत आली, या वेळी म्हणे ऑक्सिजन वाढवायला.

आणि बीपीची गोळी चालू असलेल्यांनी ज्येष्ठमध जपून. आमचे काका खोकला झाला की दिवसभर कांडी चघळायचे, खिशातच असायची. बीपी का उतरत नाही कुणाला कळेना. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. कांडी सोडली, बीपी खाली आलं. काका आता सगळ्यांना डॉक्टरचं नाव सांगतात, कांडीचं सांगत नाहीत.

खडीसाखर
अवांतराबद्दल क्षमस्व, पण पिशवीवाले काका आज पुन्हा आले होते. विचारलं तर म्हणतात, "निसर्गाची वस्तू आहे, मालकी कसली?" मी म्हटलं, मग तुमच्या गॅलरीतला मोगरा तोडू का? तेव्हापासून बोलत नाहीत.

उंबरठा
पुन्हा लावाल तर दाट लावा आणि कडेला कुंपणासारखं कोरफड लावा. आणि ज्यांच्या कुंडीत जाड, लुसलुशीत पानांचा ओवा आहे त्यांनी तो मसाल्याच्या डब्यातल्या ओव्याचं झाड म्हणून मिरवू नये. ते वेगळं झाड. भजी छान होतात, तो भाग वेगळा.

चेअरमनसाहेब
कॉमन एरियात वैयक्तिक लागवड करायला परवानगी लागते.

खडीसाखर
मी तुमच्या सोसायटीत राहतही नाही हो!

बाळंतविडा
वाफेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. पातेल्यात उकळतं पाणी, निलगिरीचे थेंब, डोक्यावर चादर आणि मांडीवर पोर. पातेलं कलंडतं. त्या भाजलेल्या मांड्या मी पाहिल्यात. मोठ्या माणसानं टेबलाशी बसून घ्यावी हवी तर, लहान मुलांना नको. वाफेनं सर्दी लवकर जाते असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही, घटकाभर मोकळं वाटतं इतकंच.

निसर्गायन
झालं? आता वाफही बंद. उद्या शिंकायलाही चिठ्ठी लागेल.

असो. रोज तीस लोक व्यक्तिगत निरोप पाठवतायत म्हणून पोस्टमध्ये एक ओळ घातली आहे: "तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा दम लागला तर डॉक्टरांकडे जावे." काउंटरवाल्यांचं समाधान व्हावं म्हणून. गुळवेल काढणार नाही.

रात्रपाळी
तीन दिवस म्हणजे 72 तास. 48 लिहिलं होतं वर. साखर, दमा, गरोदरपण आणि साठीपुढच्यांना पहिल्याच दिवशी, असं लिहा. आणि 'चार वेळा, पंधरा दिवस' तसंच आहे अजून.

निसर्गायन
दोन वेळा केलं. पाच दिवस केलं. 'पहिल्याच दिवशी' पण टाकलं. आता तुम्ही फेनिलएफ्रिनच्या पाकिटावर काय चिकटवणार ते सांगा.

रात्रपाळी
मालकाला विचारून सांगतो.

उंबरठा
तारेचा फोटो टाकलाय खाली. बघा, कुठून कुठे गेलीये ती.

चेअरमनसाहेब
हा फोटो जुना आहे. विषय एजीएममध्ये मांडावा, पंधरा दिवस आधी लेखी.