टाइल्सच्या आधी वॉटरप्रूफिंग
बाथरूम नव्याने करायचं म्हटलं की टाइल्स कोणत्या घ्याव्यात यावरच भरपूर चर्चा होते, पण 25 वर्षं जुन्या फ्लॅटचं बाथरूम फोडताय तर पैसा आधी टाइल्सच्या खाली घाला. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजतात. ते काढून सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारे प्लास्टिकचे पाइप) टाका आणि भिंतीतल्या पाइपांच्या खाचा बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळतीची तपासणी, कराच. वॉटरप्रूफिंगचा, म्हणजे पाणी झिरपू न देणारा, थर वाळला की नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून पाणी भरून ठेवा, किमान 24 तास, जमल्यास 48. मग खालच्या घरी जाऊन छताला ओल आली आहे का ते स्वतः बघा. कंत्राटदार इथेच घाई करतात, अजिबात ऐकू नका. सोसायटीची लेखी परवानगी हवीच, आणि कॉलम-बीमला (इमारतीचा भार पेलणारे खांब आणि तुळया) हात लावू देऊ नका. पाइपांचे फोटो मापासकट काढून ठेवा, पुढे गीझर बसवताना ड्रिल कुठे मारायचं ते कळतं.